खाडीतला राब

वैशाखाच्या अखेरीस नाशिकहून सावळघाट ओलांडून पेठच्या मुलखात शिरणाऱ्या माणसाला उतरणीवरच्या पिवळ्या, करपलेल्या गवतात ठिकठिकाणी काळे चौकोन दिसतात. वाटसरू त्यांना वणव्याच्या खुणा समजून पुढे जातो. परंतु ज्याचे बालपण या डोंगरांत गेले आहे त्याला ते पाहताच मृगाचा पहिला पाऊस, त्या पावसाने भिजलेल्या राखेचा वास आणि आठवडाभरात त्या राखेतून वर येणारी पोपटी लव ही सारी एकाच क्षणी आठवतात. तो राब होय. पुढे ज्या खाचरांतून भात उभे राहायचे त्या साऱ्या खाचरांचे पीक आधी या चार हातांच्या जागेत लहानाचे मोठे होते. तीन आठवड्यांचे झाले की मुळासकट उपटले जाते, मुठी बांधल्या जातात, आणि पाठीवर इरले घेऊन वाकलेल्या बायांच्या हातांनी चिखलात रोवले जाते. त्या रोवण्याला आमच्याकडे आवणी म्हणतात. कोकणात या रोपाला तरवा म्हणतात आणि देशावर लोक रोवण्याला लावणी म्हणून मोकळे होतात. शब्द निरनिराळे, कृत्य एकच.

राब भाजणे ही वरवर दिसते तितकी साधी गोष्ट नाही. माघ-फाल्गुनात झाडांचा कवळ, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडून वाळत घालायचा, जमिनीवर शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर पालापाचोळा आणि सर्वांवर बारीक मातीचे पांघरूण घालायचे, आणि मग वाऱ्याच्या उलट अंगाने विस्तव लावायचा, म्हणजे आग धावत सुटत नाही, धुमसत राहते आणि खालची माती खोलवर तापते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ साली राबाविषयी जो प्रबंध प्रसिद्ध केला त्यात मातीच्या या तापण्यालाच मोठे महत्त्व दिले आहे. राखेचे खत हे कारण सर्वांना सुचते. माती भाजल्याने तिच्यात जो पालट होतो तो मात्र प्रयोगशाळेत जाऊन पाहावा लागला. माझ्या आजीला तो ठाऊक होता, एवढेच की तिने त्याला नाव दिले नव्हते.

राबाविषयी एवढे विस्ताराने लिहिले याचे कारण असे की, या लेखाचा विषय आहे कालवांची पिल्ले. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या कडेवर वसलेल्या पेठेच्या माणसाने कालवांविषयी लिहावे हे कित्येकांना विचित्र वाटेल. पण मला स्वतःला कालवांचे शास्त्र समजले ते राबाच्याच वाटेने, आणि दुसऱ्या कोणत्याही वाटेने ते इतक्या लवकर समजले नसते.

पेठहून हरसूल, जव्हार, विक्रमगड, मनोर असा घाट उतरत गेले की पालघर लागते, आणि पालघरच्या पश्चिमेस केळवे-माहीम. आमच्याकडची माणसे या रस्त्याने पिढ्यान्‌पिढ्या गेली आहेत. आवणी आटोपल्यावर नव्हे तर कापणी-झोडणी उरकल्यावर, घरातले धान्य पुरणार नाही असे दिसू लागले म्हणजे. या जाण्याला आमच्या भाषेत ‘जगायला जाणे’ म्हणतात. मी त्या रस्त्याने गेलो तो जगायला नव्हे, पाहायला. आणि हा फरक मनातून कधी पुसला गेला नाही.

ओहोटीच्या वेळी केळव्याच्या खाडीच्या तोंडाशी उभे राहिले असता खडकांवर जो खरबरीत, राखाडी थर दिसतो तो दगडाचाच भाग असावा असे प्रथम वाटते. जवळ जाऊन वाकून पाहावे तेव्हा कळते की तो थर सजीव आहे. एकावर एक, एकाच्या पाठीवर दुसरे, दुसऱ्याच्या कुशीत तिसरे अशी कालवे बसलेली असतात आणि त्यांच्या कवचाच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. बाया हातात लहान कोयती घेऊन बसतात, कवचाच्या सांध्यावर नेमका घाव घालतात, वरचे झाकण उडवतात आणि आतला मऊ, दुधट जीव काढून भांड्यात टाकतात. पाणी पुन्हा चढेपर्यंतच काय तो वेळ. दोन-तीन तास पाठ मोडून बसल्यावर भांड्याच्या तळाशी जेमतेम काही जमते, आणि त्याचे मोल बाजारात काय येते ते सांगण्याची आवश्यकता नाही.

याच खाडीत सुमारे साठ वर्षांपूर्वी मुंबईच्या विज्ञान संस्थेतील दोन मराठी संशोधकांनी कालवांच्या अर्भकावस्थेचा अभ्यास केला होता. मी त्यांना नुसते दुर्वे आणि बाळ म्हणतो, कारण शास्त्रीय नियतकालिकांत ते आडनावांनीच ओळखले जातात. ‘क्रॅसॉस्ट्रिया ग्रायफॉइडिस’ या जातीच्या पिल्लांच्या वाढीविषयीची त्यांची प्राथमिक निरीक्षणे १९६२ साली प्रसिद्ध झाली. त्याही आधी, १९३१ साली, मुंबईच्या खडकांवरील दुसऱ्या एका जातीवर प्रा. आवटी आणि राय यांनी एक सविस्तर ग्रंथच लिहिला होता. मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांना ही नावे माहीत असतील, याचे मला दुःख होते. गडकोटांच्या एकेका दगडाविषयी आपण वाद घालतो. आपल्या खाड्यांतल्या दगडांवर काय जगते हे ज्यांनी आयुष्य घालून पाहिले त्यांची आपण साधी दखलही घेतलेली नाही.

दुर्वे यांच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली ती मला फार मोलाची वाटते. केळव्याचे हे कालव वीण टाकते ते पावसाळ्यात, आषाढापासून भाद्रपदापर्यंत, जेव्हा डोंगरांवरचे गोडे पाणी खाडीत उतरून समुद्राचा खारेपणा कमी झालेला असतो. म्हणजे पेठच्या खाचरांत बाया आवणी करीत असतात नेमक्या त्याच दिवसांत खाडीत कालवांचे बी सुटत असते. आमची दमणगंगा दिंडोरी तालुक्यात उगम पावून पेठच्या डोंगरांमधून वाहत दमणच्या खाडीत समुद्राला मिळते, केळव्याला नव्हे. परंतु पाऊस तोच, आणि तो ज्या ढगांतून पडतो ते ढगही आधी या किनाऱ्यावरूनच वर आलेले असतात.

आता या बीजाचे काय होते ते पाहावे. मादी एकेका वेळी लाखोंनी अंडी पाण्यात सोडते, नर आपले शुक्रबीज सोडतात, आणि त्या दोहोंचा संयोग उघड्या पाण्यात, केवळ प्रवाहाच्या दयेवर होतो. एका दिवसाच्या आत तो कण फिरू लागतो; लवकरच त्याला इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचे इवलेसे कवच येते; दोन-तीन आठवडे तो पाण्यात तरंगत, सूक्ष्म वनस्पती खात, भरती-ओहोटीबरोबर येत-जात राहतो. त्यानंतर त्याच्या अंगावर एक काळा ठिपका उमटतो, ज्याला डोळा म्हणतात, आणि त्याला एक पाऊल फुटते. या पावलाने तो जागा चाचपत हिंडतो. त्या वेळी त्याची लांबी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून अधिक नसते. हवी तशी कठीण आणि स्वच्छ जागा सापडली की तो डाव्या शिंपेवर कलंडतो, पावलातल्या ग्रंथीतून सिमेंटासारखा एक थेंब सोडतो आणि कायमचा चिकटतो. पाऊल मग नाहीसे होते. आयुष्यात एकदाच मिळालेली चालण्याची मुभा घर निवडण्यात संपते. निवड चुकली, गाळावर बसला, तर गाळाखाली गुदमरून मरतो.

जागा निवडताना त्याचा कल आपल्याच जातीच्या जुन्या शिंपल्याकडे असतो. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा केळव्याच्या किनाऱ्यावरचे शिंपल्यांचे ढीग माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मांस काढून झाल्यावर शिंपले काठावर टाकले जातात, त्यांचा खच पडतो, आणि पूर्वी ते भट्टीत जाळून त्यांचा चुना होत असे. कोकणातल्या कित्येक जुन्या भिंतींत तो चुना आजही आहे. त्यात कोणाचा दोष नाही. परंतु काठावर वाळणारा प्रत्येक शिंपला म्हणजे पुढच्या पावसाळ्यातल्या अनेक पिल्लांची हिरावलेली जागा होय, आणि त्याहून वाईट असे की मोठ्या कालवाच्या पाठीवर चिकटलेली नखाएवढी पिल्लेही त्याच्याबरोबर काठावर येऊन उन्हात मरतात. आमच्याकडे राबातले रोप कोणी जनावराला चारले तर गाव त्याला वेडा म्हणेल. खाडीत ते रोज घडते, कारण ते रोप आहे हे कोणी सांगितलेलेच नाही.

कालवांना घर देऊन पिल्ले धरण्याची युक्ती नवी नाही. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आरंभी सर्जियस ओराटा नावाच्या रोमन धनिकाने लुक्रीन सरोवरात कालवांची शेती केली असे रोमन लेखक सांगतात. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास किनाऱ्यावरची कालवे अतिलोभाने ओरबाडून संपत आली तेव्हा व्हिक्टर कॉस्त या प्राणिशास्त्रज्ञाने इटलीत जाऊन फुझारो सरोवरातली जुनी पद्धत पाहिली आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारातून द्रव्य मिळवून १८५८ मध्ये सँ-ब्रिय उपसागरात कालवे पेरली. तो प्रयोग पुढे टिकला नाही. टिकला तो आर्काशों येथील एका गवंड्याचा शोध. १८६५ च्या सुमारास मिशले नावाच्या या गवंड्याने अर्धनळीची कौले चुना आणि वाळूच्या लेपाने माखून पाण्यात ठेवली. नुसत्या कौलाला पिल्लू असे चिकटते की काढू जाता त्याचे कवच फुटते. चुन्याच्या लेपावर बसलेले पिल्लू मात्र लेपासकट सुरीने अलगद सुटते. आपल्या घरांवरच्या नळीच्या कौलांसारखीच ती कौले. गवंड्याच्या थापीने जे साधले ते सम्राटाच्या खजिन्याने साधले नव्हते, आणि मला या हकिकतीत विलक्षण समाधान वाटते.

या कौलांचेही एक वेळापत्रक असते. ती फार लवकर पाण्यात उतरवली तर त्यांच्यावर आधी गाळाचे कीट आणि बार्नॅकल नावाचे दुसरे चिकटणारे जीव बसतात आणि कालवांच्या पिल्लांना जागा उरत नाही. उशिरा उतरवली तर बी वाहून गेलेले असते. म्हणून पाणी रोज तपासायचे, त्यातले तरंगते जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, डोळा आलेले दिसू लागले की कौले उतरवायची. राब पेरण्याचा मुहूर्तही असाच पावसाच्या एका-दोन दिवसांवर ठरतो. पुढे कौलांवरून सोडवलेली पिल्ले जाळीच्या उथळ पेट्यांत ठेवतात, कारण कवचाच्या कडेला नुकतीच जखम झालेली असते आणि खेकडे टपलेले असतात. आर्काशोंच्या लोकांनी या पेट्यांना इस्पितळाशी नाते सांगणारे नाव दिले होते. तेथे महिनोन्‌महिने वाढून कवच जाड झाले, म्हणजे मग त्यांना मोकळ्या वाफ्यांत नेऊन पसरतात. राब, रोपाची मूठ, आवणी: तिन्ही टप्पे तेच.

मद्रास सरकारच्या मत्स्यविभागातील जेम्स हॉर्नेल यांनी आर्काशोंची ही पद्धत स्वतः पाहून १९१० च्या सुमारास तिच्यातून हिंदुस्थानाने काय शिकावे यावर एक पुस्तिका लिहिली आणि पुलिकतच्या सरोवरात प्रयोगही केले. सरकारी दप्तरात मात्र एकदा लिहिलेली गोष्ट पुष्कळदा तिथेच राहते. तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने चुना माखलेली कौले पुन्हा पाण्यात उतरवली तेव्हा साठाहून अधिक वर्षे लोटली होती. १९८० नंतर मात्र तेथील काम झपाट्याने पुढे गेले: पाण्याचे तापमान वाढवून कालवांना हवे तेव्हा वीण टाकायला लावणे, टाक्यांत एकपेशी शेवाळ वाढवून ते पिल्लांना खाऊ घालणे, बारीक कुटलेल्या शिंपल्याच्या कणावर एकेक पिल्लू बसवून सुटे बी तयार करणे. या शेवटच्या युक्तीचे मला फार कौतुक वाटते. वाळूच्या दाण्याएवढ्या शिंपल्यावर बसलेले पिल्लू पुढे त्या दाण्याला गिळून मोठे होते, आणि कोणालाही न चिकटता एकटे, सुडौल वाढते. केरळात अष्टमुडी सरोवराच्या काठच्या कुटुंबांनी दोरीत पाच-सहा शिंपले ओवून, ती माळ बांबूच्या मांडवाला टांगून, तिच्यावर नैसर्गिक बी धरून सात-आठ महिन्यांत पीक घेण्याचा क्रम बसवला. माळ, मांडव, बांबू: यात एकही वस्तू अशी नाही की जी पालघरच्या बायांना परकी वाटावी.

बीजाला कठीण करण्याची जी रीत जपानात आहे तिची हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मियागी प्रांतात शिंपल्यांच्या माळांवर धरलेली पिल्ले भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात रॅकवर अशा उंचीला ठेवतात की रोज काही तास ती उघडी पडावीत. दुबळी मरतात, उरलेली कवच घट्ट मिटायला शिकतात. १९१९ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या सामिश उपसागरात दोन जपानी माणसांनी, त्सुकिमोतो आणि मियागी यांनी, जपानहून जहाजातून ४०० पेट्या कालवे मागवली. प्रवासात मोठी कालवे जवळजवळ सगळी मेली, आणि निराशेने ती समुद्रात टाकून देण्यात आली. काही काळाने पाहतात तो त्या मेलेल्यांच्या शिंपल्यांवर चिकटून आलेली, कोणी मोजलीही नव्हती अशी पिल्ले जिवंत होती आणि वाढत होती. तेव्हापासून अमेरिकेने मोठी कालवे आणण्याचे सोडून बी आणण्यास आरंभ केला. त्या दोघांना मात्र फार काळ त्याचे फळ मिळाले नाही; १९२१ मध्ये त्या राज्याने परकीयांना जमीन बाळगण्यास बंदी करणारा कायदा केला आणि त्यांना आपले वाफे विकावे लागले.

जमिनीच्या हक्काची ही गोष्ट केळव्यात उभे असताना माझ्या मनातून जात नव्हती. पेठ हे १८७८ पर्यंत एक छोटे संस्थान होते, नंतर ते खालसा होऊन इंग्रजी अमलाखाली आले. जंगलखात्याचे कायदे आले तेव्हा या साऱ्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो राबासाठी कवळ कोठून तोडायचा हा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १८८७ च्या त्याच्या अहवालात राबाची चर्चा आहे. खाचर ज्याच्या नावावर आहे त्याला कवळाचा हक्क नसेल तर खाचर असून उपयोग नाही, हे तेव्हाच्या मामलेदार कचेऱ्यांना समजावून सांगण्यात लोकांची एक पिढी गेली. खाडीतल्या बायांची स्थिती त्याहून अवघड आहे. खडक कोणाच्याच नावावर नाहीत; वहिवाट आहे, सनद नाही. आज मी ज्या शिंपल्यावर पिल्लू सोडले तो उद्या दुसरीने उचलला तर तिला बोलायचे कोणत्या तोंडाने? आणि पिल्लू सोडण्याला अर्थ नसेल तर जे हाताला लागेल ते आजच काढून नेणे हेच शहाणपण ठरते. बीज जपायला सांगणाऱ्या प्रत्येकाने आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खाडीचा एवढासा पट्टा, अमुक वर्षांच्या मुदतीने, ज्या बाया तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसत आल्या त्यांच्या गटाच्या नावे करून द्यावा, मग शास्त्र सांगावे.

असे होऊ शकते याचे चिन्ह सिंधुदुर्गात दिसले आहे. २०११ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने तिथे जो सागरी जैवविविधतेचा प्रकल्प चालला त्यात महिलांच्या बचतगटांनी शिनाण्यांची, म्हणजे खडकाला धाग्यांनी धरून राहणाऱ्या शिंपल्यांची, आणि कालवांची शेती करून पाहिली. शिनाण्यांची आवणी तर इतकी देखणी असते की आमच्या बायांना ती दाखवावी. खडकावरचे लहान शिनाणे दोरीभोवती पसरून वरून सुती जाळीचे कापड शिवतात आणि दोरी पाण्यात सोडतात. थोड्याच दिवसांत कापड कुजून गळून पडते, तोवर पिल्लांनी आपल्या धाग्यांनी दोरीला घट्ट धरलेले असते. रत्नागिरीच्या पेठकिल्ल्यावर १९५८ पासून सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्र आहे. नावात पेठ असल्यामुळे असेल, पण त्याच्याविषयी मला उगीचच आपलेपणा वाटतो.

आता समुद्रच बदलत चालला आहे. ऑरेगॉन राज्यातल्या व्हिस्की क्रीक या बीजोत्पादन केंद्रात २००७-०८ मध्ये पिल्ले टाक्यांतल्या टाक्यांत मरू लागली. आधी रोगाचा संशय आला, मग कळले की खोल समुद्रातून वर येणारे, कर्बवायू मुरलेले पाणी इतके आम्ल झाले आहे की पहिल्या दोन दिवसांत पिल्लाला कवचच घालता येत नाही. तिथल्या लोकांनी पाण्यात सोडा मिसळून, म्हणजे ज्याला आपण धुण्याचा सोडा म्हणतो तोच, टाक्या सावरल्या. मोठे कालव ते पाणी सोसते. मरते ते दोन दिवसांचे. आमच्याकडे जून कोरडा गेला की खाचराला काही होत नाही, राब जळतो. आणि एकदा राब जळला की पुढे कितीही पाऊस पडो, आवणीला हातात घ्यायला काही नसते. शेजारच्या गावी जाऊन मुठी उसन्या मागाव्या लागतात, आणि शेजारच्या गावाचाही राब जळलेला असतो. ते वर्ष मी लहानपणी पाहिले आहे. त्या वर्षी वाघबारस झाल्यावर आमच्या पाड्यातली निम्मी घरे कड्या लावून जव्हारच्या रस्त्याने उतरली.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी पुन्हा केळव्याला गेलो. पेठेत तेव्हा भात कापणीला आले होते. ओहोटी लागलेली होती. काठावरच्या ढिगातला एक शिंपला उचलून पाहिला तर त्याच्या आतल्या पांढऱ्या, गुळगुळीत बाजूवर नखाएवढी सात कालवे बसली होती, एकमेकांना न ढकलता, जणू कोणी अंतर मोजून रोवली होती, आणि सातही मिटलेली, ओलसर, जिवंत. हा शिंपला पेठेस नेऊन घरच्यांना दाखवावा असे फार मनात आले. जवळच बसलेल्या एका मावशींना विचारले की हा मी घेऊ का. त्यांनी माझ्या हातातला शिंपला घेऊन निरखून पाहिला, त्यावरच्या पिल्लांवरून बोट फिरवले, आणि काही न बोलता गुडघाभर पाण्यात जाऊन, गाळापासून वर, दोन खडकांच्या बेचक्यात, पिल्लांची बाजू खाली करून तो अडकवून आल्या.